न पाडलेला पडदा

मी, लेनर्ड हर्बर्ट स्टॅनिफोर्थ, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा नट, राहणार ९, हार्बर टेरेस, स्कारबरो, हे माझे अखेरचे मृत्युपत्र लिहून ठेवतो. नावे आणि तारखा मी अलीकडे विसरतो. परंतु या कागदात आलेली एकही गोष्ट विसरलेलो नाही. विसरता आली असती तर कागदाची गरज पडली नसती. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रागाच्या भरात केलेली होती, ती रद्द समजावीत.

माझा हात कापतो, म्हणून मी सांगतो आणि वकिलांच्या कचेरीतील मिस ब्रेंडा मिजली लिहिते. तिचे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. घरात पदवी घेतलेली ती पहिलीच. लिहिलेल्या शब्दाने जग थोडेफार सरळ होते, असे तिला अजून वाटते. "मिस्टर स्टॅनिफोर्थ, तुम्ही बोलाल ते सगळं लिहीन. लिहायचं नसेल ते बोलू नका," असे तिने पहिल्याच दिवशी बजावले. तेव्हा खालील मजकुरात पाल्हाळ असल्यास तो माझा, आणि न गाळल्याचा दोष तिचा.

कलम एक. माझ्या अंत्ययात्रेत टाळ्या वाजवू नयेत. नटाच्या शवपेटीला टाळ्या देण्याची आमच्या लोकांत रीत आहे. मला त्या पुरेशा मिळाल्या आहेत, आणि कशाबद्दल मिळाल्या ते सहाव्या कलमात आहे.

कलम दोन. शिंगाच्या मुठीचा खिशातला चाकू माझी मुलगी जुडिथ हिला द्यावा. तो माझ्या वडिलांनी केलेला. शेफील्डमध्ये ते सहाणेच्या चाकापुढे वाकून चाकूंना धार लावत. सतराव्या वर्षी मी फिरत्या नाटक कंपनीत भाला धरून उभा राहायला निघालो, तेव्हा ते म्हणाले, "तोंड रंगवून पोट भरणार? त्यापेक्षा बाप मेला म्हणून सांग आणि भीक माग. तेवढं नाटक जमेल तुला." आणि चाकू हातावर ठेवला. सहा वर्षांनी मी घरी आलो असताना, जेवताना त्यांना झटका आला. डाव्या हातातला चमचा गळाला, मग तोंड एका बाजूला ओढले गेले. मी समोर बसलो होतो. हे येथे मुद्दाम लिहिले आहे, पुढे लागेल.

कलम तीन. माझा उभा आरसा माझे सहनट सेड्रिक पॉम्फ्रेट यांस द्यावा. तीस वर्षे माझ्या प्रत्येक चांगल्या वाक्याला हा गृहस्थ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आता त्याला कोणापुढे तरी उभे राहायला मिळावे.

कलम चार. रंगभूषेची पेटी बंदराच्या धक्क्यावरून समुद्रात टाकावी. ही पेटी मांडीवर घेऊन मी रविवारच्या आगगाड्यांतून गावोगाव हिंडलो. त्या गाड्यांत आम्ही आणि माशांची खोकी, दुसरे कोणी नसे. ब्रेंडा म्हणते, "अहो, संग्रहालयवाले मागतायत ती!" म्हणूनच.

कलम पाच. टपाल बचत खात्यातील शिल्लक जुडिथच्या दोन्ही मुलांना सारखी वाटावी. माझा जुना शब्दकोश ब्रेंडाला द्यायचा होता. तिने लिहिणे थांबवून सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातले काही घेता येत नाही. एक तर सही, नाही तर वस्तू. तिने सही निवडली. शब्दकोश सार्वजनिक वाचनालयास द्यावा.

कलम सहा. येथील अल्बियन थिएटर येत्या शनिवारी माझ्या नावाची दगडी पाटी बसवणार आहे. मजकूर जुडिथने लिहिला आहे: 'पत्नी रंगमंचावर कोसळली असताना ज्याने प्रयोग थांबू दिला नाही, त्या नटाच्या सन्मानार्थ.' ही पाटी बसवू नये; बसली असल्यास काढावी. कारण पुढीलप्रमाणे.

१३ नोव्हेंबर १९५८. गुरुवार. याच थिएटरात तिसरा अंक चालू होता. माझी पत्नी डोरोथी नाटकातही माझी पत्नी होती. शेकोटीपाशी बसून ती हातमोजे घालते, उठते आणि मला सोडून जाते, असा प्रवेश होता. ती उठली नाही. डाव्या हातातून मोजा गळाला. तोंड एका बाजूला ओढले गेले. मी आजवर सर्वांना सांगत आलो की मला वाटले ती वाक्य विसरली. हे खोटे आहे. मी बापाच्या हातून चमचा पडताना पाहिला होता. मोजा पडला त्याच क्षणी मला कळले.

विंगेत विनिफ्रेड ओल्डरॉइड उभी होती. वाक्ये सुचवणे आणि पडदा पाडणे ही तिची कामे. पडद्याच्या घंटेवर बोट ठेवून तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे तोंड करून, नाटकातल्याच आवाजात म्हणालो, "अजून नको." प्रेक्षकांना ते पात्राचे वाक्य वाटले. थोड्या वेळाने तिने पुन्हा पाहिले. मी नकारार्थी मान हलवली.

अकरा मिनिटे. मोजा उचलून मी खिशात ठेवला. 'तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे,' असे म्हणत डोरोथीची वाक्ये मीच बोलत गेलो. नाटकातली बायको त्या दिवशी घर सोडून गेली नाही. सातशे माणसे बसली होती, नोव्हेंबर महिना, समुद्राकाठचे गाव, आणि एक खोकला ऐकू आला नाही. बत्तीस वर्षांत तशी शांतता मला कधी मिळाली नव्हती. ती सोडवेना. दुसरे कारण नाही.

तिसऱ्या रांगेत एक डॉक्टर बसले होते. तेही रडत होते. नंतर डोरोथीची नाडी धरून ते म्हणाले, "तेव्हाच हाक मारली असतीत तर..." आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी वाक्य सोडून दिले. ती दोन दिवसांनी, शुद्धीवर न येता गेली.

वर्तमानपत्रांनी याला धैर्य म्हटले. लंडनहून बोलावणे आले. सात वर्षे मी तिथल्या मोठ्या रंगमंचांवर मुख्य भूमिका केल्या, आणि मोजा उचलून खिशात ठेवणारा तो नवरा पाहायला लोक येत राहिले. इकडे त्या वेळच्या मालकांनी चौकशी लावली. मला विचारले, "तुम्ही मिस ओल्डरॉइडना काही खूण केली होती का?" मी म्हणालो, "आठवत नाही." पडदा वेळेवर पाडला नाही म्हणून विनीला काढून टाकले. पुन्हा कोणत्याही थिएटरने तिला दारात उभे केले नाही. तिने एकोणीस वर्षे लोकरीच्या दुकानात गुंड्या मोजल्या आणि कोणाला काही सांगितले नाही. का, असे मी या वर्षी विचारले. "पोर अकरा वर्षांची होती. आई गेलेली. बापही घालवायचा तिचा?" एवढेच म्हणाली.

तिच्याशिवाय याला दुसरा साक्षीदार जिवंत नाही. तिने सही केली नाही, तर हे सर्व विसराळू म्हाताऱ्याचे भ्रम ठरतील आणि पाटी तशीच राहील.

कलम सात. आमच्या धंद्यात तालमीत नाटकाचे शेवटचे वाक्य कोणी उच्चारत नाही. ते पहिल्या प्रयोगालाच बोलायचे. त्याप्रमाणे गुरुवारी विनीपुढे मसुदा वाचला तेव्हा हे कलम मी वाचू दिले नाही. सहावे ऐकून ती फक्त म्हणाली, "गुरुवारच होता. बरोबर." आज रविवारी सह्यांसाठी सारे जमल्यावर सातवे वाचले. ते असे होते: 'राहते घर सामानसुमानासह विनिफ्रेड ओल्डरॉइड हिला द्यावे.'

हे कलम खोडले आहे. का खोडले ते ब्रेंडाने झाले तसे लिहावे, असे मी सांगतो.

"खोड ते," विनी म्हणाली.

"हक्काचं आहे तुझं."

"हक्काचं! घर घेतलं की माझी सही गेली, हो ना गं ब्रेंडा? आणि सही गेली की काय उरतं? चौऱ्याहत्तराव्या वर्षी तुझे जिने चढायला मला घर देतोयस होय रे? मला सही करायची आहे, लेन. एकोणतीस वर्षं मला कुणी विचारलं नाही की तू काय पाहिलंस."

मी खोडायला सांगितले. तिने पेन हातात घेतले, पण टोपण काढले नाही.

"एक अट आहे. जुडिथ आत चहा करतेय. तिला बोलाव आणि तोंडाने सांग. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? समोर कुणी बसलेलं नसतं."

माझ्या तोंडून निघाले, "अजून नको."

ब्रेंडाचे लिहिणे थांबले. विनीने या वेळी माझ्याकडे पाहिले नाही. दाराकडे तोंड करून तिने हाक मारली, "जुडिथ, इकडे ये गं."

जुडिथ ट्रे घेऊन आली. मी सहावे कलम कागद न पाहता सांगितले. कुठे अडखळलो नाही, याची मला लाज वाटते. तिने ट्रे टेबलावर ठेवला, कप एकेक करून बाहेर मांडले. चौथा कप हातातच राहिला.

"आईने तुमच्याकडे पाहिलं होतं का, बाबा?"

"हो."

"किती वेळ?"

"डोळे उघडे होते तोवर."

"म्हणजे किती?"

"शेवटपर्यंत."

तिने कप ठेवला. कोट घातला. बटणे लावून झाल्यावर म्हणाली, "थिएटरला मी कळवते," आणि विनीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेली. दार तिने हलकेच लावले. आपटले असते तर मला बरे वाटले असते.

कलम सात, बदललेले. घर जुडिथला द्यावे. तिला ते नको असल्यास विकावे आणि माझे नाव कुठेही न घालता रक्कम तिला वाटेल त्या कामी लावावी. ती माझ्या अंत्यविधीला आली नाही, तर कोणी तिला बोल लावू नये.

मजकूर संपला. मी वाचून घेतला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष खाली सही करीत आहे.

स्थळ: स्कारबरो. रविवार, १५ नोव्हेंबर १९८७.

(सही) लेनर्ड एच. स्टॅनिफोर्थ

साक्षीदार:

१. ब्रेंडा मिजली. मजकूर सांगितला तसाच लिहिला आहे.

२. विनिफ्रेड ओल्डरॉइड. स्वहस्ते लिहिते की सही करताना हा माणूस पूर्ण शुद्धीवर होता. १३ नोव्हेंबर १९५८ रोजीही होता.