शनिवारी नऊ वाजता जिवंत हजर राहणे

सेकोंदी,
बुधवार सकाळ

आदरणीय क्वामिना मामांना अबाचा वाकून नमस्कार,

तब्येत कशी आहे? गुडघा? खोकला? मामी बऱ्या आहेत ना? (एरवी हे मी रीत म्हणून विचारते. आज खरंच विचारते आहे, कारण पुढे कळेल.) इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

तुम्ही नेहमी म्हणता, "चित्रं भिंतीला लावायचा कसला आलाय धंदा? खिळा तर मीही ठोकतो!" तर तो खिळा या वेळी माझ्याच पायात घुसलाय. मासळी बाजारात मासे धुरावायच्या भट्टीवर बसणारी मान्सा आठवते ना? पोरगी भट्टीच्या काजळीने अशी माणसं काढते की बघत राहावं, पण आजवर तिला विचारलंय कुणी? म्हटलं, तिचं पहिलं प्रदर्शन बड्या दालनात नको, जिथली माणसं तिथेच लावू. बाजारातली अकरा म्हातारी माणसं, दाराएवढे चेहरे. इथवर छान होतं. मग मी शहाणपणा केला. प्रत्येक चेहऱ्याच्या छापील प्रती काढल्या, खाली नाव, वय आणि 'शनिवारी सकाळी नऊ, मासळी बाजार, सर्वांनी यावे' असं घातलं आणि गावभर चिकटवल्या.

आपल्याकडे भिंतीवर मोठा चेहरा, नाव, वय आणि शनिवार म्हणजे मयताचं बोलावणं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र कलेत बुडाले होते. सोमवारी मक्याची केंकी उकडून विकणारी अफुल मावशी दुकान उघडायला गेली, तर दारात सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत तिच्या माहेरचे सात जण गळा काढून रडताहेत. तिला पाहून एक जण बेशुद्धच पडला. शुद्धीवर आला तो भडकूनच, "एवढ्या लांबून आलो, आणि तू अशी ठणठणीत?" मंडपवाल्याने खुर्च्या आणून टाकल्या आहेत, परत न्यायला तयार नाही. (खुर्च्या मात्र बऱ्या आहेत.)

बाजाराच्या प्रमुख बाई, नाना एकुवा, यांनी मला बोलावून चांगलंच झापलं. "जित्या माणसांना मारून कला करतेस होय गं? मग मेल्यावर काय करशील?" शेवटी हुकूम सुटला: शनिवारी नऊला अकराही जणांनी आपापल्या चित्राखाली जिवंत बसायचं. एक जरी कमी भरला, तर सगळी चित्रं भट्टीत. मान्सा म्हणाली, "अबाताई, काजळी भट्टीतूनच आली होती, तिकडेच जाईल." हसत म्हणाली, आणि चित्रांवर फडकं टाकायला वळली. मला फार लाज वाटली, मामा. पोरीला वर काढायला निघाले आणि मीच तिला बुडवते आहे.

मामींना नमस्कार.

तुमची वेंधळी भाची,
अबा

ता.क. दहा जण तयार आहेत. अफुल मावशी तर नवा झगा शिवून घेते आहे.

ता.क. २. अकरावा चेहरा तुमचा आहे. (तुम्ही होड्या बांधायचं सोडून गावी गेलात, त्याआधी मान्साने गुपचूप काढला होता. मला वाटलं, तुम्हाला गंमत वाटेल.)

ता.क. ३. रविवारपासून तुमचा फोन लागत नाही. मी सगळ्यांना सांगते आहे, बॅटरी उतरली असेल. पत्र तुमच्या गावी येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे, तो संध्याकाळी इकडे परतेल. शनिवारचं मागाहून बघू, आज त्याच्याकडे निदान एक शिवी लिहून पाठवा. सही नको. तुमची शिवी मी ओळखते.