संत्र्याच्या सालीचा पाक

बर्लिन, ९ ऑक्टोबर १८७२

ती. लोरेन्झदादास,
धाकट्या उल्रिकेचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींचा आलुबुखारचा मुरांबा पोचला. घरमालकीण क्नोलबाईंनी निम्मा फस्त केला आणि वर म्हणाल्या, गावाकडे साखर फार घालतात.

झोपेच्या औषधाची, क्लोरलची बाटली तळाला गेली. पुढची लवकर पाठव आणि जरा कडक कर. डॉक्टरांनी दोन चमचे सांगितलेत, मला हल्ली चार लागतात. गेल्या मंगळवारी क्नोलबाईंनी गदागदा हलवलं तेव्हा कुठे दहाला जाग आली. त्यांना वाटलं, मी गेलेच! हसून हसून पुरेवाट.

रागावू नकोस. हार्टविग लढाईत पडला आणि मी विधवा झाले, तेव्हापासून तो स्वप्नात यायचा, चिखलाचे बूट घालून दारातच उभा. तो निघाला त्या दिवशीही मी ओरडले होते, की फरशी आत्ताच पुसलीय, बाहेरच थांब. ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. स्वप्नात ‘आत ये’ म्हणायला जावं तर तोंडच उघडायचं नाही आणि जाग यायची. ते सोसेना म्हणून औषध घेतलं. आता झोप दगडासारखी लागते, पण तो येत नाही. त्याची फार आठवण येते, दादा. तरी बाटली हवीच.

बाबा औषधांच्या दुकानात आपल्याला डोळे मिटून बरण्यांचे वास ओळखायला लावायचे, आठवतं? तू दरवेळी कापराला फसायचास! माया आहेच, ती बाटल्यांपुरती नसावी.

तुझी उल्रिके

ग्रूनबेर्ग, १८ ऑक्टोबर १८७२

चि. उल्रिकेस,
दादावहिनींचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मंगळवारावर आम्हाला दोघांनाही हसू आलं नाही. तुझी बाबेटवहिनी तर रडली. चार चमचे कुणी सांगितले तुला? अंगात जाऊन क्लोरलचा क्लोरोफॉर्म होतो म्हणतात. तसं असो वा नसो, झोपेतून परत न उठलेली दोन माणसं या गावातच मी पाहिली आहेत.

तरी बाटली पाठवतो आहे. चव वेगळी लागली तर घाबरू नकोस, चवीला घालतो तो संत्र्याच्या सालीचा पाक यंदा जरा गोड झालाय. दुकान ठीक. कापराला मी एकदाच फसलो होतो, तू उगाच वाढवतेस.

जिवाला जप, एवढंच आमच्यासाठी कर.

तुझा दादा

ग्रूनबेर्ग, ७ जानेवारी १८७३

चि. उल्रिकेस,
आशीर्वाद. खरं तर आज आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही.

नाताळच्या पत्रात तू लिहिलंस, ‘औषध उत्तम, दादासारखा औषधवाला बर्लिनमध्ये नाही.’ ते वाचून मी ताटावरून उठलो. ऑक्टोबरपासून दर बाटलीत मी क्लोरल कमी करत आलो. डिसेंबरच्या बाटलीत तर नुसता पाक आणि कडू काढा होता. बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मात्र दरवेळी ‘क्लोरल’ लिहून खाली सही केली.

बाबांनी आपल्याला अक्षरं गिरवायला शिकवली ती याच चिठ्ठ्यांवर. बाटलीत असेल तेच लिहायचं, नाहीतर दुकानाला कुलूप लावायचं, असं ते म्हणायचे. तुला गमावायची भीती वाटली म्हणून मी खोटं लिहिलं. आता तेही सोसवत नाही.

सोबत खऱ्या क्लोरलची लाख लावलेली बाटली आहे. घ्यायची की नाही ते तू ठरव. मन मोठं करून माफ कर.

तुझा लोरेन्झ

बर्लिन, १५ जानेवारी १८७३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वेड्या, मला नोव्हेंबरपासून ठाऊक होतं. चार चमच्यांनीही झोप येईना तेव्हा संशय आला. क्नोलबाईंनी साबणासाठी आणलेला दाहक सोडा मागून घेतला, बशीत चमचाभर औषध ओतलं, वर सोडा टाकला आणि बाबांसारखे डोळे मिटून वास घेतला. क्लोरल असतं तर सोड्यानं त्याचा क्लोरोफॉर्म होऊन गोड वास भपकन यायला हवा होता. जेमतेम आला. डिसेंबरच्या बाटलीला तर नुसतीच संत्री. मीही त्याच बापाची लेक आहे.

असा संताप आला म्हणून सांगू! टोपी घालून खरं क्लोरल आणायला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे निघाले होते. पण आदल्या रात्री तळमळता तळमळता जरा डोळा लागला होता आणि तेवढ्यात हार्टविग आला होता. दारातच उभा, तेच बूट. मी जिन्यात थांबले, टोपी काढली आणि परत वर आले. तुला मुद्दाम कळवलं नाही. कळलं असतं, तर भल्या माणसा, तू खरं औषध धाडलं असतंस.

महिनाभर झोपेचे हाल झाले. डॉक्टरांना सगळं सांगितलंय. तो मात्र येत राहिला आणि मी मुकीच्या मुकी.

परवा तोंड उघडलं, दादा. मी म्हटलं, ‘राहू दे बूट, तसाच आत ये.’ तो आला. सगळ्या फरशीभर चिखल केला आणि शेगडीजवळ बसला. मी रडत उठले, पण त्याला घरात घेऊन उठले.

लाखेची बाटली न फोडता परत पाठवते आहे. पुढच्या खेपेला पाकच पाठव, मला त्याची सवय झाली आहे. चिठ्ठीवर मात्र तुझ्या हातानं स्पष्ट लिही, ‘नुसता संत्र्याच्या सालीचा पाक’, आणि खाली सही कर.

तुझी उल्रिके