बिबवेवाडीच्या फाटकाला रंग न लावण्याबाबत

मी, हेमा शरच्चंद्र मेहेंदळे, वय वर्षे शहात्तर, निवृत्त धातुतज्ज्ञ, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला, पण तो चिरंजीवांच्या बाकीच्या कामांसारखाच अर्धवट राहिला. माझ्या डोक्याबद्दल शंका असणाऱ्यांनी सोबतचा डॉक्टरांचा दाखला वाचावा. तरीही शंका उरल्यास स्वतःचं डोकं तपासून घ्यावं.

१. माझ्यामागे मुलगा आमोद आणि सून सृष्टी एवढेच आहेत. यजमान आधीच गेले. त्यांनी मुलाच्या डोक्यावर जन्मभर छत्री धरली. शाळेत मार्क कमी पडले की हे मास्तरांकडे हजर, नोकरीत साहेब ओरडला की हे रात्रभर जागे. परिणाम कलम ३ मध्ये दिला आहे.

२. घराच्या आधी फाटक. मी ज्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते तो उदारीकरणानंतर बंद पडला. त्या जागेवर आता काचेच्या इमारती आहेत. तिथल्या उरलेल्या पत्र्यांतून मी हे फाटक करून घेतलं. याला वेदरिंग स्टील म्हणतात. पोलादात थोडं तांबं आणि क्रोमियम असतं. पावसात भिजायचं, उन्हात वाळायचं, असं वर्षानुवर्षं झालं की त्याचाच गंज घट्ट बसतो आणि आतलं लोखंड झाकतो. रंग लागत नाही. लागतो तो धीर.

सुरुवातीला नारिंगी पाणी गळायचं. शेजारचे रतन परदेशी म्हणाले, "वहिनी, तुमचं फाटक माझ्या फरशीवर थुंकतंय." म्हटलं, थांबा. ते दर दिवाळीला तोंड वाकडं करत थांबले. पुढे फाटक गडद, जांभळट तपकिरी झालं, आणि हात फिरवला तर बोटाला काही लागेना.

३. मागच्या दसऱ्याला मी कंबरेच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना आमोदने त्यावर ग्राइंडर फिरवला. वर काळा ऑइलपेंट, टोकांना सोनेरी. मी घरी आले तर झेंडूचं तोरण.

"आई, सरप्राइज! लोक म्हणायचे गेट गंजलंय, इतकं ऑकवर्ड व्हायचं. आणि दसऱ्याला लोखंड स्वच्छ करतातच ना?"

करतात. आमच्याकडे खंडेनवमीला विळी, अडकित्ता, कोयता घासतात. एवढी भक्ती दाटून आली होती तर विळी होती की! वीस वर्षांचं काम एका दुपारीत साफ केलं. दुसऱ्याच दिवशी एक बिल्डर घर "सहज" बघायला आला, तेव्हा सोनेरी टोकांचा अर्थ कळला.

४. याच आमोदच्या खराडीच्या ऑफिसाची दर्शनी भिंत याच पोलादाची आहे. तिच्यावर हात टेकून यांनी फेसबुकवर फोटो टाकला, खाली "रॉ लुक". म्हणजे ऑफिसात ती कला, आणि आईच्या दारात तो गंज. त्या भिंतीच्या पायाशी वेली लावून दिवसभर फवारे सोडले. कधी वाळूच न दिलेलं पोलाद स्वतःचं कवच धरत नाही; खालची कड कुजून भोकं पडली. फवारे बसवताना मीटिंगा झाल्या म्हणे.

५. राहतं घर मी एकट्या सृष्टीला देते. ती यवतमाळची. तिचं "करून राहिले" मला अजूनही खटकतं. पण फाटकाशी वाकून "आई, रंगाला फोड येऊन राहिले ना, आत पाणी अडकलं काय?" एवढा शहाणा प्रश्न या घरात तिनेच विचारला.

६. आमोदला फक्त फाटक. रंग त्याने स्वतः खरवडावा, माणूस लावू नये. नंतर फाटक उघडं ठेवावं. नारिंगी पाणी गळेल, लोक विचारतील. पुसू नये, झाकू नये, लाजू नये. सृष्टीने पांढरा रुमाल फिरवून पाहावा. तो पांढराच राहीपर्यंत तिनेही घर विकू नये, की बिल्डरला देऊ नये. त्यानंतर तुम्हाला हवं ते करा. तेवढी वर्षं थांबलेला माणूस काय करेल, याचा मला अंदाज आहे.

७. माझ्या अस्थी खडकवासल्यात सोडू नयेत. पुण्याला तेच पाणी प्यायचं आहे.

८. आमोद, हे कलम तुझ्यासाठी. मी तुझ्यावर फार चिडले आहे, आणि तू माझा एकुलता एक आहेस, दोन्ही खरं. माझ्यामागे रडू आलं तर रडून घे. कुणी छत्री घेऊन धावत आलं तर त्याला परत पाठव. आणि मग उन्हात जाऊन बस. दोन्ही लागतं.

लिहून देणार : हेमा शरच्चंद्र मेहेंदळे (सही)

आम्हा दोघांच्या देखत बाईंनी वरील सही केली, आणि बाईंच्या देखत आम्ही :
१. डॉ. दिग्विजय शितोळे (सही)
२. रतन परदेशी, शेजारी (सही). फरशीवर पुन्हा डाग पडतील हे कलम ६ मला वाचून दाखवलं. पडू देत.

पुणे, ११ जून २०१५