टोकाच्या खोलीचा आठवडा

३ मार्च

आठवडा विकायचा. ठरलं!

आज धुवायला टाकलेला सूट न्यायला एक निवृत्त मास्तर आमच्या लाँड्रीच्या दुकानात आले होते. म्हणाले, बायकोला घेऊन दरवर्षी कुठेतरी पाण्याकाठी जावंसं वाटतं, पण ऐनवेळी कुठे जागाच मिळत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं — आमचा आठवडा आहे ना, तो घ्या. तळ्याकाठच्या रिसॉर्टमधली एक खोली. वर्षातला एक ठरलेला आठवडा ती आपली, करार संपेपर्यंत. एकवीस वर्षांपूर्वी आम्हा नवरा-बायकोच्या नावावर घेतली होती. मास्तर खूश झाले, आणि लगेच मास्तरकी सुरू. "ताई, आधी करार कधी संपतो ते कंपनीकडून लेखी आणा. मग पुढचं बोलू."

बरोबरच आहे. मी तरी डाग न बघता कपडा धुवायला घेते का?

४ मार्च

का विकायचा, ते इथे तरी लिहावं.

नवरा घरी हात उचलत नाही. भिंती पातळ आणि शेजारच्या काकूंचे कान तिखट. वर्षभरात काही बिनसलं — जेवणात मीठ कमी, लेकीशी फोनवर जास्त बोलले, दुकानातून यायला उशीर झाला — की शांतपणे म्हणतो, "तळ्यावर बघू." आणि बघतो. एकही गोष्ट विसरत नाही. खोली टोकाची, पुढे पाणी, मागे झाडी. गेल्या गेल्या सामान ठेवतो, पडदे ओढतो, हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो. घड्याळ काढलं की मी हातांनी डोकं झाकून घेते. मागच्या वर्षी दोन बरगड्या मोडल्या. डॉक्टरांना सांगितलं, तळ्याच्या धक्क्याच्या पायरीवरून घसरले. हा शेजारी उभा राहून माझा हात चोळत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. आमच्याकडे तोंड दाबावं लागत नाही. कितीही ओरडा, ऐकायला कोण आहे?

लेक म्हणते, "बाबा दरवर्षी फिरायला नेतात, आणि तू परत येतेस ती तोंड पाडून."

मी येणार नाही, असं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "करार आहे. आठवडा बुडवायचा का?" करार म्हटलं की मी बॅग भरायला घेते. सही माझीही आहे ना.

९ मार्च

हळूच विचारलं, आपला तो करार कधी संपतो हो? (तोंडावर अहो-जाहो, इथे अरे-तुरे. एवढी तरी चैन.) चहा पिता पिता म्हणाला, "अजून अकरा वर्षं आहेत. का?"

सहज, म्हटलं.

अकरा! अकरा वेळा तो घड्याळ काढणार.

१२ मार्च

मास्तर आले. अकरा सांगितलं.

"कोण म्हणतं?"

"आमचे हे."

"ह्यांना नका विचारू. कंपनीला विचारा."

करार त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. कंपनी विचारणार सदस्य क्रमांक, तो कुठून आणायचा? मग आठवलं — मोठ्या बॅगेला रिसॉर्टचा बिल्ला लटकतोय, त्यावर नाव आणि क्रमांक. तो कामावर असताना दुपारी घरी येऊन माळ्यावरून बॅग काढली. क्रमांक हातावर लिहून घेतला.

१३ मार्च

बॅग परत ठेवताना उलटी ठेवली. तेवढ्यावरून ओळखलं त्याने. "गोगलगाय, पोटात पाय!" म्हणाला. "बॅग कशाला काढलीस?" खोटं बोलणार होते, पण वैताग आला. म्हटलं, आठवडा विकायचाय. गिऱ्हाईक आहे.

त्याने घड्याळ काढलं. घरात. आजवर कधी नाही.

केस धरून डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. परत आपटलं. नाकातलं रक्त ब्लाउजवर, फरशीवर. खाली पडले तर पोटात लाथ. "तुझं काय आहे ग त्यात? तू कोण विकणारी?" लाथ. हाताला इस्त्री लागली. तापलेली नव्हती, त्याचं वाईट वाटलं. तशीच फेकली. त्याच्या गुडघ्यावर बसली. असा ओरडला — त्याचा तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता. छान वाटलं. खरंच छान वाटलं. दुसऱ्या गुडघ्यावरही बसायला हवी होती.

काकूंनी भिंतीवर थापा मारल्या. हा एकदम सरळ उभा राहिला. घड्याळ घातलं. लंगडत दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, "शनिवारी निघायचंय. या खेपेला नीट बघू."

१४ मार्च

ब्लाउज थंड पाण्यात भिजवला. रक्ताला गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो, हे मी दिवसाला दहा गिऱ्हाइकांना सांगते.

दुकानात मालकिणीने माझा चेहरा पाहिला. म्हटलं, फ्रिजचं दार लागलं. ती म्हणाली, "आमच्याकडेही होतं असं एक दार. गेलं वर." मग काही न विचारता मला गल्ल्यावरून उठवून आत इस्त्रीला बसवलं.

१६ मार्च

दुकानातून रिसॉर्टच्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, जुने करार दुसऱ्या विभागात असतात, बघून कळवते.

१७ मार्च

त्याने बॅगा काढल्या. गुडघ्याला पट्टा बांधून, खाली बसून माझे कपडेसुद्धा त्यानेच भरले. सगळे लांब बाह्यांचे. शोधून शोधून.

१८ मार्च

कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, विकता नाही येणार. तुमचा करार पंधरा वर्षांचा होता. संपून सहा वर्षं झाली."

मग आम्ही दरवर्षी येतो ते?

"सर साध्या पाहुण्यांसारखं पूर्ण भाडं भरून येतात. तीच टोकाची खोली मागून घेतात. या वर्षी शेजारचीही घेतलीय — ती रिकामी ठेवा म्हणालेत."

हे सगळं लेखी पाठव म्हटलं.

मग लेकीला फोन केला. सांगत सांगत बरगड्यांपाशी आले तेव्हा ती रडायला लागली, पण मी थांबले नाही. सगळं सांगितलं. निघालेय म्हणाली, मी येईपर्यंत दुकानाबाहेर पाऊल टाकू नकोस.

मालकिणीने शटर अर्धं ओढून घेतलंय.