बाबांच्या भिंतीपलीकडचे रातकिडे

३ मार्च, सोमवार

झालं! दादा बाबांना कानाचं यंत्र बसवून आणणार. येत्या शनिवारीच. जेवताना जाहीर केलं, वर माझ्याकडे बघून हसला — "आता तुझा बाजार उठला!"

उठतोय बरा! बाबांच्या खोलीला लागून माझी किड्यांची खोली; पाळीव सरड्या-पक्ष्यांच्या खाऊसाठी रातकिडे वाढवून विकते मी. मला ती मिळालीच कशी? तर बाबांना आवाज येत नाही म्हणून. जन्मभर कारखान्यात पत्रा ठोकून त्यांचे कान गेले. त्या भिंतीला लागून झोपायला बाकी कुणी तयार नव्हतं. पण कान शाबूत होते तेव्हा याच बाबांनी टिकटिक सहन होईना म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरवून पिठाच्या डब्यात कोंबलं होतं! ते शेकडो रातकिडे खपवून घेतील? आणि खोली गेली की माझा धंदा गेला. दुसरीकडे मला किडे कोण ठेवू देणार?

खोली सोडायची नाही. बस्स.

४ मार्च

ओरडतात फक्त नर. म्हणून ठरवलं, पंख फुटायच्या आत नर विकून टाकायचे. दुपारभर किडे ज्यांत लपतात ते अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे झटकत बसले. मादीला मागे अंडी घालायची सुई असते, ओळखू येते. छान दोन ढीग केले. संध्याकाळी डोक्यात उजेड पडला — नरच नाहीत तर पुढची पिल्लं कुठून यायची? स्वतःच्या पायावर धोंडा मारत होते. दोन्ही ढीग परत एकत्र.

५ मार्च

झुरळं! पाळायच्या जातीची. आवाज नाही, उडणं नाही, गुळगुळीत डबा चढता येत नाही. सरडेवाल्याला फोन केला. तो घरी सरडे वाढवतो, माझे निम्मे किडे त्यांच्याच पोटात जातात. म्हणाला, "आणा की ताई. पण आमची थोरली सरडी, राणी, नखरेल आहे, आधी तिला विचारू."

वहिनी हातातला झाडू खाली ठेवायला तयार नाही. "अहो वन्सं, मी जन्मभर मारली ती तुम्ही विकत आणणार?"

८ मार्च

यंत्र आलं. दादा बाबांच्या कानाशी, "येतंय का? येतंय का?"

"येतंय. बोंबलू नकोस, गाढवा."

मी भिंतीला दोन रजया टांगल्या.

११ मार्च

बाबांनी खुर्ची थेट माझ्या दाराशी आणून ठेवली. तासन्‌तास तिथेच. डोळे मिटलेले, कपाळाला आठी. बोलत काहीच नाहीत. हेच वाईट! बाबा ओरडले तर निभावतं. गप्प बसले की घड्याळ डब्यात जातं. दादा गप्पा मारायला आला की यंत्र काढून खिशात. तो गेला की परत कानात. म्हणजे सगळी पाळत माझ्यावर.

भीती वाटते. पण विचारायची हिंमत कुणाची?

१३ मार्च

झुरळं आली, पिल्लावळीसकट. डब्याखाली उबेची पट्टी लावली. वहिनी माहेरी जायचं म्हणते.

१७ मार्च

राणीनं आधी मान वाकडी केली. एक डोळा झुरळावर, एक माझ्यावर. मग चट्टामट्टा! दुसरं मागितलं! सरडेवाला म्हणाला, "सगळे रातकिडे मीच घेतो, संपेपर्यंत घालतो. मग झुरळंच द्या." जिंकले!

२२ मार्च

दिले सगळे. अंडी घातलेल्या ओल्या मातीच्या डब्यासकट. खोली धुतली, रजया काढल्या. चिडीचूप.

खोटं कशाला लिहू, दार लावून रडले. इतकी वर्षं वाढवले होते. पण खोली वाचली! बाबा आहेतच दाराशी. ऐका म्हणावं आता काय ऐकायचं ते.

२४ मार्च

सकाळी बाबा यंत्र तळहातावर घेऊन दारात. "हे बिघडलं. बदलून आण."

"माझं बोलणं येतंय ना पण, बाबा?"

"तुझं येतंय. दादाचं नको इतकं येतं. पण ते आतले... किती वर्षांनी काहीतरी बारीक ऐकू आलं होतं गं. दोन दिवस झाले, एकही येत नाही."

सरडेवाल्याला फोन लावला. उरलेल्यांतला एकही खायला घालू नकोस, मी निघालेय!