फिचाच्या उजव्या दारातले भोक

मी, कोसारा मिलेंतिये प्रोकिच, वय सव्वीस, राहणार क्रागुयेवात्स, कायद्याची पदवीधर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही, फक्त झोप लागत नाही. येत्या सोमवारी मी वडिलांसोबत बेलग्रेडच्या रुग्णालयात दाखल होत आहे. तिथे माझे एक मूत्रपिंड काढून त्यांना बसवतील. डॉक्टर म्हणतात, धोका नगण्य आहे. नगण्य म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हा कागद.

कलम १. माझी कायद्याची पुस्तके वस्तीतल्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने घातलेले वाद कुणी खोडू नयेत.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आईला, एका अटीवर. तिने ते भावाच्या, म्हणजे ओग्न्येनच्या लग्नासाठी साठवू नये. स्वतःचे दात करून घ्यावेत.

कलम ३. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नाही. मी कायद्याला प्रवेश घेतला तेव्हा मोठे काका जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "वकील होऊन करणार काय? उद्या आमच्याच विरुद्ध उभी राहशील." त्यांना माझ्या पदवीची चौकटीतली प्रत द्यावी. भिंतीवर लावायची की नाही, ते त्यांनी ठरवावे.

कलम ४. निळा फिचा, म्हणजे १९७९ ची झास्तावा ७५० ही छोटी मोटार, आमच्याच शहरात बनलेली. बाबांना आठवड्यातून तीन दिवस रक्त शुद्ध करून घ्यायला जावे लागते. उरलेल्या दिवशी हाताला काम हवे, म्हणून शेडमध्ये वर्षानुवर्षे पडलेली ही गाडी आम्ही दोघांनी उघडली. उजव्या दाराचा रंग खरवडताना काचेच्या खाली पुट्टीचा जाड थर लागला. तो निघाला, मागे चिकटवलेला पत्र्याचा तुकडा निघाला, आणि करंगळी जाईल एवढे गोल भोक दिसले. कडा आत वळलेल्या. आत सीटच्या लोखंडी सांगाड्यावर खोल चर, आणि तळाच्या पत्र्याला वेल्डिंगचे ठिगळ. मी दोरी लावून पाहिली. बाहेरून आत, वरून खाली, त्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मांडीतून सरळ रेषा जाते.

"बाबा, हे काय?"

"गारा."

"गारा आडव्या येतात?"

"मग गंज असेल. घास, पोरी, घास."

दुसऱ्या दिवशी ती झाडाची फांदी झाली. तिसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ते पॉलिशपेपर ठेवून उठून गेले. आई म्हणाली, "एवढ्या जुन्या गाडीला एक भोक नसावं? तुझ्या कानांना दोन आहेत." ओग्न्येन म्हणाला, "वकीलबाई, दारावर खटला भरा."

गाडी बाबांच्या नावावर १९९२ मध्ये झाली. त्याआधीच्या शरदात ते राखीव सैनिक म्हणून सीमेपलीकडे लढाईत होते. तिकडून परतताना काही जणांनी लुटलेले टीव्ही आणले, फ्रिज आणले, गाड्याही आणल्या. हे आमच्या सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. फिचा तिकडचा असावा आणि त्या सीटवर तेव्हा कुणीतरी बसलेले असावे, असा माझा संशय आहे. म्हणून माझ्या पश्चात गाडी विकू नये, रंगवू नये. मूळ मालक किंवा त्याचे वारस शोधून त्यांच्या हवाली करावी. मूत्रपिंड मी तरीही देत आहे. ते वेगळे आणि हे वेगळे, असे मी रोज स्वतःला सांगते. पटत नाही.

इथपर्यंत बुधवारी लिहिले. पुढचे शुक्रवारचे आहे.

आमच्या कायद्यात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला हवे होते, कारण कलम ४ माझ्याखेरीज कुणीतरी वाचावे असे वाटत होते. आज आई अंगणात आय्वारच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत होती. कूम वितोमिर, म्हणजे आईबाबांच्या लग्नाचे साक्षीदार आणि माझे धर्मपिता, बायको रुझिकाला घेऊन आले. सही करायच्या आधी त्यांनी कागद वाचला आणि पेन खाली ठेवले.

"स्तामेना! मिरच्या उतरव आणि इकडे ये. तुझी लेक बापाला खुनी ठरवून वर त्याला किडनी देतेय!"

आईने काळ्या बोटांनी कागद धरला. आधी हसली, मग चिडली. "अगं मूर्खे, ही तुझ्या आजोबांची गाडी. माझ्या लग्नात फुलं लावून अंगणात उभी होती. लग्नातलं सफरचंद माहितीये ना, उंच काठीच्या टोकावर बांधतात ते? नवऱ्यानं गोळीनं पाडल्याशिवाय नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही. बंदूक या कूमनंच दिली त्याच्या हातात."

"भरून दिली," कूम म्हणाले. "मला वाटलं, हा तिकडे लढून आलाय, याला एक सफरचंद काय जड!"

"आणि हा नुसता उभा. मान वर होत नाही. नळी खाली खाली आली आणि गोळी गेली दारात. गाडीत कुणी नव्हतं, नशीब."

"आणि सफरचंद?" मी विचारले.

"राहिलं तिथंच. पाहुणे ओरडायला लागले, 'नवरदेव, डोळे मिटून मार!' मी खिडकीतून त्याचं तोंड बघितलं. म्हटलं, पुरे. आले आपली चालत बाहेर."

"न पाडता!" रुझिका म्हणाली. "वर्षभर गाव म्हणत होतं, स्तामेनाला दम धरवला नाही."

"म्हणू दे. पोरांच्या कानावर घालायचं नाही, एवढंच आमचं ठरलं. माझ्या बाबांनी हारानं भोक झाकलं, पुढच्या आठवड्यात पुट्टी भरली, आणि गाडी याच्या नावावर करून टाकली. म्हणाले, जावयानं भोक पाडलंय, जावयानंच सांभाळावं."

मी हसणार होते. पण बाबा शेडच्या दारात उभे होते. त्यांनी हात पुढे केला. कलम ४ त्यांनी सावकाश वाचले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारचं रद्द कर. मला नको."

"बाबा, माझं चुकलं."

"गाडीपुरतं चुकलं." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "सगळे सांगत होते, वर बघ, वर बघ. बंदूक हातात घेऊन मला वर नाही बघता आलं. का, ते विचारू नकोस. आणि तू लिहिलंयस तसलं मी तिकडे काही केलंच नाही, असंही मी तुला सांगणार नाही."

ते आत निघून गेले. आई मिरच्यांकडे परतली. त्या जळाल्या होत्या.

कलम ५. कलम ४ रद्द समजावे. मी ते खोडत नाही, कारण मी तसे मानले होते आणि ते लपवणे बरोबर नाही. फिचा ओग्न्येनला द्यावा. भोक बुजवायचे की नाही, ते बाबा सांगतील.

कलम ६. जिवंत माणसाचे मूत्रपिंड मृत्युपत्राने देता येत नाही, एवढा कायदा मी शिकले आहे. तरी लिहिते, कारण बाबा माझे बोलणे ऐकून घ्यायला तयार नाहीत. सत्य आधी, बाकी सगळे नंतर, असे मी मानत आले. कॉलेजात त्यावर भाषणे केली. आता मला अर्धेच सत्य मिळाले आहे. उरलेल्या अर्ध्याची मला भीती वाटते. पण त्याची वाट पाहण्याइतका वेळ बाबांच्या शरीरात नाही. त्या काठीखाली मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाला मी हे देत आहे, आणि ज्या माणसाला मी ओळखत नाही त्यालाही, कारण दोघांचे रक्त एकच आहे. मी विचारणे सोडणार नाही. पण उत्तर ही या देण्याची अट नाही आणि किंमतही नाही. बाबांनी हे एक कलम वाचावे. कागद त्यांच्या उशाशी ठेवत आहे.

ठिकाण: क्रागुयेवात्स
दिनांक: २७ सप्टेंबर २०२४
सही: कोसारा प्रोकिच

साक्षीदार:
वितोमिर लाझिच (कलम ४ माझ्या डोळ्यांदेखत रद्द झाले म्हणूनच सही करतो)
रुझिका लाझिच

मी वारस आहे, म्हणून साक्षीदार नाही. वाचलं एवढंच. सोमवारी सहाला निघू. जाड मोजे घे, तिथल्या खोल्या गार असतात.
मिलेंतिये प्रोकिच