लतावहिनीचं लॉगिन

३ डिसेंबर
लतावहिनीची मेथी आज फाट्यावरच राहिली. मेहकरच्या बाजाराला जाणाऱ्या शेतकरी गटाच्या गाडीत जागा धरायची साइट मीच बनवलेली. कोणीही यावं, नाव टाकावं, इतकी मोकळी. कोणीतरी वहिनीचं नाव पुसून आपले क्रेट घातले. गजूभाऊ ड्रायव्हर म्हणाला, "नाव नाही त जागा नाही." वहिनी भाजी घेऊन परत. मला म्हणाली, "तुह्या साइटले कुलूप लाव व बाई."
लॉगिन आधीच करायला हवं होतं. आपल्या गावात कोण कशाला असं करेल, असं वाटलेलं. घ्या आता.

५ डिसें.
ओटीपीचं लॉगिन बसवलं. पासवर्ड नको, लोक चारचौघांत सांगत सुटतील. एक मोबाइल नंबर, एक शेतकरी. सुटसुटीत. गटाकडे घरटी एक नंबर होताच. स्वतःवर खूश. वहिनीनं चहासोबत शेव दिली, म्हणजे तीही.

७ डिसें.
गजूभाऊ सकाळी फाट्यावर मोबाइलमध्ये बघून नावं पुकारतो. रोज "लताबाई" म्हणायचा. आज "विलासराव", म्हणजे माझा दादा. क्रेट वहिनीनंच चढवले. दादा घरी झोपलेला.
आधी ती माझ्या लॅपटॉपवरून नाव टाकायची. आता ओटीपी दादाच्या फोनवर, म्हणून खातं दादाचं. मेथी पेरण्यापासून जुड्या बांधण्यापर्यंत सगळं तिचं. साइट वरपासून खालपर्यंत पाहिली. एकाही बाईचं नाव उरलं नाही. आधी निम्म्या बायाच होत्या.
दादाला विचारलं तर, "गाडी जाऊन राह्यली ना? मंग नाव कोनाचंही असो."
वहिनीनं मला नेहमीसारखा चहा दिला. चार शब्द सुनावले असते तर बरं.

८ डिसें.
कामात लक्ष नाही. गावात तिला विलासची बायको म्हणतात, नाहीतर बंटीची आई. लताबाई फक्त फाट्यावर, तेही सकाळी, गाडी निघेपर्यंत. तेवढंही मी काढून घेतलं.
लॉगिन म्हणजे तू कोण, एवढंच विचारायचं असतं. आपल्याकडे बाईला विचारतात, "कोनाची व तू?" मी नेमकं तेच लिहून ठेवलं, आणि वर शेव खाल्ली.

१० डिसें.
बदललं. एका नंबरावर कितीही नावं, ज्याचा त्याचा पिन वेगळा. पण नवं नाव जोडताना एकदा नंबरवाल्याचा ओटीपी लागणारच. नाहीतर पुन्हा कोणीही कोणाच्याही घरात शिरेल. खूप डोकं खाजवलं, हे टळत नाही.
वहिनीला म्हटलं, माझ्या नंबरावर जोडते, कटकट नको.
"नको. माह्या घरातूनच पायजे."
"मग दादाला सांग."
"मी नाही मांगत. त्यायनं आपल्या मनानं देला पायजे."

११ डिसें.
संध्याकाळी ओट्यावर सगळे. बटण दाबलं. दादाच्या खिशात फोन वाजला. काढला, वाचला.
"हे कायचं व?"
सांगितलं. लतावहिनीच्या नावाचं खातं, तुझ्याच नंबरावर. फक्त आकडा वाचून दाखव.
त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती जुड्या बांधत होती, मान खाली. तिचे हात मात्र थांबलेले. मला वाटलं, आता सांगतो.
"पाहू उद्या," म्हणाला. फोन खिशात. ओटीपीची मुदत संपली.
मला रडायला आलं, रागानंच. आत चुलीपाशी वहिनीला विचारलं, उद्या परत पाठवू का?
"पाठव," ती म्हणाली. "रोज पाठव."